दाजींनी घातलेली अट

अक्काचा फोन आला तेव्हा मी गडहिंग्लजच्या बाजारात वाळलेल्या मिरच्या निवडत होतो. बाजाराच्या कालव्यात तिचं बोलणं नीट ऐकू येईना, म्हणून एका दुकानाच्या आडोशाला गेलो. "हे उठनात रे," ती म्हणाली. "सकाळी चहा ठेवला फुड्यात. निवला तरी हात लावला न्हाई. मला वाटलं, बसल्या जागी डोळा लागला असंल..." शेवटी म्हणाली, "तू ये." गेले, हा शब्द तिनं उच्चारला नाही. मीही विचारलं नाही. मिरच्यांची पिशवी तिथंच राहिली, हे मला कोल्हापूरच्या स्टँडवर उतरल्यावर कळलं.

तिथून शाहूवाडीकडची एसटी धरली. माझ्या पुढच्या बाकावर दोघे जण मोबाइल बघत बसले होते. बातमी तोवर फिरली होती. एक जण म्हणाला, "रंगराव बेलेकर गेलं म्हणं." दुसऱ्यानं विचारलं, "कोण, मंत्र्याफुडं वाटप थांबिवलेलं?" "तेच. माणूस भला हुता. पर राजकारण न्हाय कळलं त्यास्नी." मी खिडकीबाहेर बघत राहिलो. मी त्यांचा मेहुणा, एवढं सांगायलाही तोंड उघडलं नाही.

दुसऱ्या दिवशी पेपरात बरंच आलं. दोन वेळा आमदार, डोंगरी भागाचा आवाज, साधी राहणी. एका ठिकाणी लिहिलं होतं, 'अनुदान खऱ्या शेतकऱ्यापर्यंत पोचवणारा नेता'. त्या ओळीवर मी अडलो. ती खोटी नव्हती. पण दाजी असते तर त्यांनी ती खोडली असती. का खोडली असती, ते आता त्यांच्या माघारी मी आणि अक्का, आम्हा दोघांनाच नीट ठाऊक आहे. म्हणून हे लिहायला बसलो.

अक्काचं लग्न झालं तेव्हा मी सातवीत होतो. नवरदेव हळद निघायच्या आधीच भाताच्या वाफ्यात उतरला, असं आमच्याकडं बरीच वर्षं कौतुकानं सांगत. माणूस उंच, आवाज खणखणीत, बोलणं एक घाव दोन तुकडे. मला कधी नावानं हाक मारली नाही. मी शाळकरी पोर असतानाही 'पावणं' म्हणायचे. शेतकी कॉलेजात मी गेलो ते त्यांच्यामुळं. "पावणं, आमच्या डोंगरात शिकलेला माणूस येत न्हाई, आला तर बदली करून जातोय. तुमी शिका आन् हिकडंच मरा," असा त्यांचा आशीर्वाद. पुढं मी कृषी खात्यात लागलो आणि ते आमदार झाले. पहिली निवडणूक त्यांनी जवळपास पायीच लढवली. वरच्या वाड्यांना तेव्हा जीपही जात नव्हती.

डोंगराकडचा शेतकरी भात करतो. तुकडे लहान, उतारावरचे, आणि पाऊस लागला की लावणीआधीची चिखलणी चार दिवसांत उरकावी लागते. बैलं सांभाळणं परवडेनासं झालं, तेव्हा छोटी यंत्रं, पॉवर टिलर, या भागाला अनुदानावर मिळावीत म्हणून दाजींनी विधानसभेत घसा फोडून घेतला. यंत्रं मंजूर झाली, पण वाड्यांवर पोचली नाहीत. दाजींनी लाभार्थ्यांची यादी मिळवली आणि ती खिशात घालून गावोगाव फिरले. एका घरी गेले तर ज्याच्या नावावर यंत्र उचललं होतं तो माणूस वारून कैक वर्षं झालेली. त्याच्या म्हाताऱ्या बायकोनं विचारलं, "त्यांनी वर जाऊन अर्ज केला काय?" ते यंत्र शेवटी खाली सपाटीला एका बागायतदाराच्या शेडमध्ये सापडलं. दाजींनी सभागृहात एकेक नाव वाचून दाखवलं. गदारोळ झाला, योजना थांबली, नवे नियम करायला समिती नेमली गेली, आणि तिच्यावर दाजींना घेतलं.

तिथं त्यांनी एक अट घातली. यंत्र त्यालाच मिळेल, ज्याच्या स्वतःच्या नावावर सातबारा आहे. दुसरा कुठलाही दाखला, पंचनामा, सरपंचाचं पत्र चालणार नाही. अट मंजूर झाली, तालुक्याच्या गावी दाजींची मिरवणूक निघाली.

त्या दिवाळीत मी भाऊबीजेला गेलो होतो. जेवताना मी विषय काढला. म्हटलं, "दाजी, वरच्या वाड्यांत देवस्थानची जमीन कसणारी घरं पुष्कळ हाईत. पिढ्यान् पिढ्या तीच कसतात. पर सातबाऱ्यावर मालक म्हणून देवाचं नाव हाय. ती समदी बाहेर पडतील."

दाजींनी घास खाली ठेवला. "पावणं, एक भोक ठिवलं की त्यातनं हत्ती जातोय. दाखला चालतोय म्हटलं की उद्या दाखल्याची दुकानं उघडतील."

"पर खरी कसणारी माणसं..."

"म्या यादी बघितलीया. तुमी न्हाई बघितली." आवाज चढला. अक्का भाकरी घेऊन आली होती, ती दारातच थांबली. मी गप्प झालो. माझं चुकलं ते इथंच, असं मला नंतर फार वेळा वाटलं. तेव्हा भांडायला हवं होतं. पण समोर आमदार होते, दाजी होते, आणि मी त्यांच्या घरी भाऊबीजेचा पाहुणा.

पुढच्याच वर्षी माझी बदली शाहूवाडीला झाली. दाजींच्या मतदारसंघात नको, असा अर्ज मी दिला होता. तो कुठं गेला कोण जाणे. यंत्रांचे अर्ज माझ्या टेबलावर येऊ लागले, आणि त्यांतच हौसाबाईंचा आला. पन्नाशीच्या पुढची, काटक बाई. एक बैल दरीत घसरून मेलेला, दुसरा एकटा म्हणून विकून टाकलेला. नवऱ्याची कंबर गेलेली, मुलगा मुंबईला. घरात चिखलात उतरणारं माणूस म्हणजे ती आणि तिची सून. जमीन देवस्थानची. मी अर्जावर 'अपात्र' लिहिलं. ती पुन्हा आली. पुन्हा लिहिलं. तिसऱ्यांदा आली तेव्हा ती खुर्चीवर बसली नाही, टेबलाला धरून उभी राहिली.

"सायेब, सातबाऱ्यावर देवाचं नाव हाय, मान्य हाय मला. पर चिखलात देव उतरतोय व्हय?"

मी नियम दाखवला. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून वाचूनही दाखवला. ती ऐकून घेऊन म्हणाली, "ज्यानं लिवलाय त्यो आमच्याकडं कदी आलाय काय?" आला होता. पायी आला होता, आणि त्या वाडीनं त्याला एकगठ्ठा मतं दिली होती. हे मी बोललो नाही.

त्या पावसाळ्यात हौसाबाईंनी आणि सुनेनं चिखलणी स्वतः केली. बैलांच्या जागी दोघी. चिखल सपाट करायची जड फळी दोरानं ओढताना ती दगडाला अडकून उलटली आणि हौसाबाईंचा उजवा हात कोपराच्या वर मोडला. मला हे आमच्या कृषी सहायकानं सांगितलं, सहज, पीकपाण्याची माहिती देता देता. त्या दिवशी मी डबा उघडला नाही. अपात्र ठरवलेले सगळे अर्ज काढले, सुतळीनं बांधले आणि कपाटात वर ठेवले. ते वर का ठेवले, ते तेव्हा माझं मलाच कळलं नव्हतं.

पहिल्या यंत्रांचं वाटप पुढच्या उन्हाळ्यात ठरलं. मंत्री येणार होते. निवडणूक तोंडावर होती. कार्यक्रमाच्या आठवडाभर आधी मी तो गठ्ठा घेऊन दाजींच्या घरी गेलो. ओसरीवर कार्यकर्ते बसले होते. मी म्हटलं, "दाजी, यादीत वरच्या वाड्यांचं एकबी नाव न्हाई." सगळे माझ्याकडं बघू लागले. दाजी म्हणाले, "यादी तुमीच केलीया न्हवं?" मी म्हटलं, "व्हय. नियम तुमचा, सही माझी." आणि गठ्ठा त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी त्याला हात लावला नाही. मी चहा न घेता उठलो. मागून अक्काचा आवाज आला, "आरं, थांब की..." पण मी थांबलो नाही.

तीन दिवसांनी सकाळी त्यांची जीप माझ्या दारात. ड्रायव्हर नाही, कार्यकर्ते नाहीत. गठ्ठा शेजारच्या सीटवर, सुतळी सुटलेली. "बसा," एवढंच म्हणाले. आम्ही हौसाबाईंच्या वाडीला गेलो. तिनं त्यांना ओळखलं. डाव्या हातानं पाण्याचा तांब्या पुढं केला. मोडलेला हात वाकडा जुळला होता, तो तिनं पदराखाली घेतला. दाजींनी विचारलं, "दुखतोय काय?" ती म्हणाली, "पाऊस आला की दुखतोय. तवाच त्याचं काम असतंय की." मग ती माझ्याकडं बघून म्हणाली, "ह्यांनी नियम वाचून दावला मला. ह्यांचा दोष न्हाई." सून दाराआड उभी होती. ती पहिल्यांदाच बोलली, "मग कुणाचा हाय?"

"माझा," दाजी म्हणाले.

परतीच्या वाटेवर घाटात दाजींनी जीप कडेला घेतली, इंजिन बंद केलं. मला वाटलं, आता माझ्यावर ओरडतील. ते म्हणाले, "चोर पकडायच्या नादात म्या घराचं दारच चिणून टाकलं, पावणं."

वाटपाच्या दिवशी मैदानात यंत्रं रांगेत उभी केली होती, प्रत्येकाला झेंडूचा हार. मांडव गच्च. मंत्र्यांचं भाषण आधी झालं. त्यांना पुढं दुसरा कार्यक्रम होता. मग दाजी उठले. यादी माझ्या हातात, मी स्टेजच्या पायरीशी. काय बोलणार, ते त्यांनी मला सांगितलं नव्हतं. अक्कालाही नाही, ती बायकांत पुढं बसली होती.

"ह्या यादीत एकबी नाव खोटं न्हाई," दाजी म्हणाले. टाळ्या पडल्या. ते थांबले. "तरीबी ही यादी चुकीची हाय. आन् ती चूक ना सायबांची, ना सरकारची. माझी हाय." मग त्यांनी देवस्थानच्या जमिनी, कसणारी घरं, आपण घातलेली अट, सगळं साध्या शब्दांत सांगितलं, आणि मंत्र्यांकडं वळून म्हणाले, "सायेब, वहिवाटीचा, म्हंजे कसणाऱ्याचा, दाखला धरून यादी नव्यानं हुईस्तवर यंत्राची एकबी किल्ली माझ्या हातनं दिली जाणार न्हाई."

मंत्री हसले. ते शेजाऱ्याच्या कानात काहीतरी बोलले आणि उठून चालू लागले. मागोमाग गाड्यांचे दरवाजे आपटल्याचे आवाज. आता मांडवात गलका सुरू झाला. यादीतलं पहिलं नाव बाजी माने म्हणून एका शेतकऱ्याचं होतं, खालच्या गावचा, स्वतः राबणारा माणूस. तो खुर्च्या सारत पुढं आला. "दादा, माझा सातबारा माझ्या नावावर हाय. माझं काय चुकलं? पाऊस माझ्याबी दारात हाय."

दाजींनी माइक खाली ठेवला. खरंच, बाजीचं काय चुकलं होतं? कुणीतरी माझ्या हातातली यादी ओढली, ती फाटली, माझा शर्टही फाटला. एक खुर्ची स्टेजवर येऊन पडली. दाजी खाली उतरले ते थेट त्या गर्दीत. त्यांना मारतील असं मला वाटलं. मारलं नाही, पण कुणी वाटही दिली नाही. माणसांच्या खांद्यांना घासत, एकेकाच्या तोंडाकडं बघत ते बाहेर आले, तेव्हा टोपी नव्हती आणि एक चप्पल नव्हती.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. पक्षानं तिकीट नाकारलं. ते अपक्ष उभे राहिले आणि पडले. ज्या वाड्यांसाठी हे केलं तिथंही मतं फुटली, कारण तोवर यंत्र कुणालाच मिळालं नव्हतं. माझी बदली गडहिंग्लजला झाली. पण माझ्यासाठी मोठी गोष्ट वेगळीच होती. निकालानंतर मी भेटायला गेलो तेव्हा अक्का मला उंबऱ्यातच म्हणाली, "तो गठ्ठा तू आणलास. त्यांच्या आयुष्याचं मातेरं केलंस." मी म्हटलं, "अक्का, त्या बाईचा हात..." ती म्हणाली, "मला त्या बाईचं सांगू नगंस. माझ्या नवऱ्याचं सांग." पुढं दोन भाऊबीजा मी ओवाळून न घेता घालवल्या. फोन केला तर ती उचलून दाजींना द्यायची. दाजी म्हणायचे, "राग माझ्यावर हाय, पावणं. काढतिया तुमच्यावर." मला ते कधी पुरतं पटलं नाही.

पद गेलं तरी दाजींनी ती अट बदलून घ्यायचा ध्यास सोडला नाही. मुंबईच्या वाऱ्या केल्या. सभागृहात ज्यांच्या शेजारी बसले होते त्यांच्याच दाराबाहेर बाकावर बसले. एकदा एका अधिकाऱ्यानं ऐकवलं, "तुम्हीच लिहिलंय, आता तुम्हालाच का नको?" ते म्हणाले, "म्हणून तर नगं." ते मुंबईला गेले की अक्का देवापाशी बसायची, असं शेजारीण सांगायची. कशासाठी, ते तिनं कुणाला सांगितलं नाही. अखेर अट बदलली. वहिवाटीचा दाखला, पीकपाहणी आणि गावातल्या पाच जणांचा जबाब, असं मिळून चालू लागलं. त्या आदेशावर दाजींचं नाव कुठंच नव्हतं. हौसाबाई तोवर थकली होती. यंत्र सुनेच्या नावानं आलं. दाजी ते बघायला गेले होते काय, म्हणून मी विचारलं. म्हणाले, "न्हाई. कुठल्या तोंडानं जाऊ? नुसतं उशिरा दिलं असतं तर गेलो असतो. हात मोडल्यावर दिलं."

वाटप थांबलं त्या वर्षी बाजी मानेची लावणी हुकली होती. त्यानं पुढं दाजींशी बोलणं टाकलं. दाजी गेल्यावर मातीला मात्र तो आला होता. लांब उभा होता, मी जवळ गेलो. तो म्हणाला, "म्या त्यास्नी माफ केलं न्हाई. आजबी न्हाई." थोड्या वेळानं म्हणाला, "पर चुकलो, असं म्हणणारा माणूस म्या तेवढाच बघितला." आणि नमस्कार न करता निघून गेला.

शेवटची कित्येक वर्षं दाजी सकाळी ओसरीवर बसायचे. आसपासची माणसं अर्ज घेऊन यायची. विहिरीचे, गोठ्याचे, यंत्रांचे. आता अर्ज मोबाइलवरच असतात, पण माणसं त्यांचे कागद काढून आणायची. दाजी अर्ज भरायला घ्यायच्या आधी सगळ्या अटी मोठ्यानं वाचायचे. एकेक अट वाचून थांबायचे आणि समोरच्याला विचारायचे, "ह्यात तुमचं कुठं अडतंय काय?" माणूस न्हाई म्हणाला तरी एकदा पुन्हा विचारायचे. अक्का आत चुलीपाशी बडबडायची, "मेलं, आमदारकी गेली तरी दरबार गेला न्हाई."

दाजी गेल्यावर महिन्याभरानं, परवा, मी अक्काकडं मुक्कामाला गेलो. आमचं बोलणं आता होतं, पण जपून. सकाळी जाग आली ती आवाजानं. कुणीतरी अडखळत, अक्षरं जुळवत वाचत होतं. बाहेर आलो. ओसरीवर एक तरुण बाई बसली होती, पुढ्यात कागद. आणि दाजींच्या जागी, भिंतीला टेकून, त्यांचा चष्मा नाकावर घेऊन अक्का. चौथीपर्यंत शिकलेली. एकेका शब्दावर बोट ठेवत होती. 'अर्ज... अर्जदाराच्या... नावे...'

मला वाटलं, पुढं होऊन कागद घ्यावा. आयुष्यभर हेच वाचत आलो आहे, दोन मिनिटांचं काम. पण पाय उचलला नाही.

तिनं ओळ पुरी केली. चष्म्यावरून त्या बाईकडं बघितलं.

"ह्यात तुझं कुठं अडतंय काय गं?"

ती बाई म्हणाली, "न्हाई की."

अक्का म्हणाली, "घाई करू नगंस. परत वाचते. नीट ऐक."